तिसऱ्या ओळीचं देणं

इंग्रजी कविता शिकवताना मी अर्थाला शेवटी हात घालते. आधी बाकावर बोटांनी ठेका. रॉबर्ट फ्रॉस्टची १९२३ साली छापून आलेली ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ त्याला फार सोयीची. ओळी १६, प्रत्येकीत उच्चाराची ८ अक्षरं, ४ आघात. शिवतांडव स्तोत्र पाठ असलेली मुलं लगेच ‘लगा लगा’ धरतात. त्या स्तोत्राच्या पंचचामर वृत्ताचा अर्धा चरणच की हा! निम्मं खरं आहे. आपला गुरू ठरतो उच्चाराच्या लांबीवर, इंग्रजीतला आघात जोरावर.

ठेका बसला की तो कुठे ढिला पडतो ते शोधायचं. कवितेत बहुतेक शब्द एका अक्षराचे, काही दोन अक्षरांचे. तीन अक्षरी शब्द एकच, ‘प्रॉमिसेस’, तोही अगदी शेवटाजवळ. त्याच्या शेवटच्या अक्षरावर आघात यायला हवा, पण जीभ तिथे जोर देत नाही. चारऐवजी साडेतीनच ठोके पडतात. जंगल सोडून कर्तव्याकडे वळताना ओळीचं पाऊल जरा अडखळतं.

यमकाची खरी गंमत तिसऱ्या ओळीत. पहिल्या तीन कडव्यांत पहिली, दुसरी, चौथी ओळ जुळते, तिसरी सुटी राहते. आणि तिचंच यमक पुढचं कडवं उचलतं. गाण्याच्या भेंड्यांसारखंच हे, आणि भेंड्यांसारखंच न संपणारं. नेहरूंनी लिहून टेबलावर ठेवलेलं या कवितेचं शेवटचं कडवं आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं, पण वरची तीन वाचल्याशिवाय त्या कडव्यावर केवढं देणं आहे ते कळत नाही.

मग सुटायचं कसं? शेवटच्या कडव्यात चारही ओळी एकाच यमकाच्या आणि ‘अँड माइल्स टु गो बिफोर आय स्लीप’ ही शेवटची ओळ जशीच्या तशी दोनदा. सुटी ओळच उरत नाही, म्हणून पुढचं कडवं मागायला कुणी येत नाही. फ्रॉस्टनेही एका पत्रात ही पुनरुक्ती अशीच समजावली आहे. उत्तरपत्रिकांत मात्र ‘अर्थ ठसवण्यासाठी पुनरुक्ती’ हे ठरलेलं वाक्य येतं. त्याला मी अर्धा गुण देते, आणि तोही नाइलाजाने.

ओळ दुसऱ्यांदा म्हणताना मुलं आवाज खोल करतात, मुद्दाम रेंगाळतात. ते मी करू देत नाही. ठेका तोच ठेवा म्हणते. पहिल्यांदा ऐकलेले मैल दुसऱ्यांदा लांबतात ते आपोआप.