थ्री फेजचा आठवडा

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत घरातल्या वस्तूसुद्धा समजुतीनं वागायला शिकतात. व्होल्टेज उतरलं की बल्ब लालसर होतो, पण जळत राहतो. पंख्याची पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरतात, तरी फिरतात. मिक्सरमधली चटणी जाडीभरडी राहते, फ्रिज कण्हतो, टीव्हीवरच्या माणसाचं डोकं जरा चपटं होतं. घरातली माणसं ‘लाईट डिम झाली’ एवढं म्हणून पुन्हा आपापल्या कामाला लागतात. या सोशिक गोतावळ्यात एकच जण असा आला, की तडजोड कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणजे वहिनीचा कॉम्प्युटर.

वहिनी घरी बसून टायपिंगची कामं घ्यायची. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, 1972 सालचं. पुढं त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. तिथल्या एमएस्सीच्या पोरांचे थिसिस तिच्याकडं यायचे. कुणाचा रब्बी ज्वारीवर, कुणाचा तुरीवर, कुणाचा भेंडीवरच्या रोगावर. (‘परभणी क्रांती’ ही भेंडी याच विद्यापीठाची, गावाचं नाव शिव्यांपेक्षा बियाण्यात जास्त टिकलं, याचा मला अभिमान आहे.) पानंच्या पानं तक्त्यांची असत आणि पोरांना ते सगळं उद्याच हवं असे. दिवसभराचा स्वयंपाक, धुणं, शेतावरच्या गड्यांचा चहा आटपून ती बसायची ती जास्त करून रात्री.

आणि दिवाळीनंतर तो कॉम्प्युटर मध्येच मरून पुन्हा जन्माला यायला लागला. निरोप नाही, सूचना नाही. आकडा भरता भरता ‘टक्’ असा आवाज, स्क्रीन काळी, क्षणभर पंख्याची घरघर थांबलेली, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात कंपनीचं चिन्ह पुन्हा हजर. अर्धं पान गेलेलं.

अशा वेळी निदान करणाऱ्यांची वाण नसते. आत्येभावानं छातीठोक सांगितलं, व्हायरस. त्याचंही बरोबर होतं म्हणा, त्याच्या काळापुरतं. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या यंत्रांत शिरला होता. तो पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी लावायचा आणि कॉम्प्युटर बंद पाडायचा. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ती मोजणी पाहिली, ते रिस्टार्ट म्हटलं की अजून व्हायरसच म्हणतात. वहिनीचं यंत्र मात्र साठ काय, एक सेकंदही देत नव्हतं.

दुकानातलं पोरगं आलं. त्यानं डबा उघडला, रॅमची पट्टी काढली आणि खिशातून शाळकरी खोडरबर काढून तिचे सोनेरी दात घासले. हे पाहून हसू येतं, पण उपाय खोटा नाही. त्या दातांवर मळाचा पापुद्रा धरला की जोड सुटतो आणि यंत्र भरकटतं. मग त्यानं ब्लोअर मारला. आमच्या काळ्या मातीची पिठासारखी धूळ प्रोसेसरवरच्या जाळीत अशी बसली होती की आत एक वाफा सहज निघाला असता. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडं तापला तर जळण्याआधी स्वतःच बंद पडतो, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. मे महिना असता तर मी लगेच मान डोलावली असती. पारा 44 वर गेला की आमची माणसंही दुपारी बंदच पडतात. पण ही होती मार्गशीर्षातली थंडी, अंगावर दोन दोन वाकळा घ्यायची. पोरगं निघताना म्हणालं, “नाही थांबलं तर फॉरमॅट मारू.” फॉरमॅट म्हणजे आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांचं सलाइन. दुखणं कसलंही असो, बाटली लावली की पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही बरं वाटतं.

वहिनीनं फॉरमॅट मारू दिलं नाही. एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स केलेली असल्यानं तिला सेटिंगं चाळायची भीती नव्हती. विंडोजमध्ये एक सोय असते: आत काही गंभीर चुकलं की यंत्रानं आपोआप पुन्हा सुरू व्हावं, अशी बारीकशी खूण आधीच केलेली असते. ती काढली की पुढच्या वेळी निळा पडदा येऊन थांबायचा आणि दोष काय तो आकड्यांत सांगायचा. वहिनीनं ती खूण काढली. म्हणजे यंत्राला बोलायची मुभा दिली. रात्री पुन्हा ‘टक्’ झालं, आणि निळा पडदा आला नाही.

मला वाटतं, सगळ्या शोधातली मोलाची घडी हीच. न आलेला पडदा. विंडोजला चूक कळली असती तर ती बोलली असती; तिला बोलायला वेळच मिळाला नाही, म्हणजे घाव तिच्याही खालून, विजेच्या वाटेनं येत होता. इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत यंत्र जागं झाल्यावर लिहून ठेवायचं: कर्नल-पॉवर, क्रमांक 41. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मला रीतसर बंद केलं नव्हतं. कुणी, का, हे त्यालाही ठाऊक नसतं. वेळ मात्र चोख.

त्या वेळा वहिनीनं वहीत उतरवायला सुरुवात केली. थिसिसचे इतके तक्ते टाइप केलेले, त्यामुळं तिचा तक्ताही तसाच: तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, शेवटी शेरा. फ्रिज चालू-बंद, पाण्याची टाकी भरत होती की नाही, प्रिंटर जोडला होता की नाही. काही आठवड्यांनी पाहिलं तर एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. एक आठवडा कॉम्प्युटर दिवसा मरायचा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. आठवडा बघून बिघडणारं यंत्र कुणी ऐकलंय? आम्ही चक्रावलो.

ती वही ओट्यावर पडलेली शेजारच्या काकांनी उचलली. काकांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्यांनी वेळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “सूनबाई, ह्या तं लायनीच्या वेळा हायेत. थ्री फेजच्या. तुमी कशाला लिहूलाल्या?”

शेतीच्या लाईनचं वेळापत्रक त्यांना पंचांगाहून जास्त पाठ. आमच्याकडं तेव्हा मोटारींना लागणारी थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळायची. उरलेल्या वेळात सिंगल फेज, घरातल्या दिव्यांपुरती. आमचं घर गावाच्या कडेला, आणि घराची तार आली होती ती मोटारींच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून. सिंगलची थ्री करताना लाईन डोळ्याचं पातं लवावं तशी लवते. तेवढ्यानंही भागलं असतं. पण लाईन आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या विहिरींवरच्या, बोअरवरच्या मोटारी एकदम उठतात, कारण प्रत्येकीला ‘ऑटो’ लावलेला असतो. फेज आली की मोटार आपोआप सुरू. आता मोटार फिरत असताना जेवढा करंट खाते, त्याच्या पाच-सहा पट ती उठताना खाते. एक उठली तर कळतही नाही. गहू, हरभरा, ज्वारी, ऊस, सगळ्यांचं पाणी एकाच क्षणी मागितलं गेलं की डीपी गुडघ्यावर येते आणि व्होल्टेज खड्ड्यात. कधीकधी डीपीच जळते, मग वर्गणी, ट्रॅक्टर आणि हेलपाटे. ती कथा वेगळी.

बल्ब या खड्ड्यातून लालसर होऊन पार व्हायचा. कॉम्प्युटर का होत नव्हता? त्याच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्यातून, मदरबोर्डकडं एक राखाडी वायर जाते. तिच्यावर पाच व्होल्टचा एक इशारा असतो: पॉवर गुड. माझ्याकडून येणारी वीज खात्रीची आहे, हिशेब करायला हरकत नाही, एवढंच तो सांगतो. सुरुवातीलाही हा इशारा आल्याशिवाय प्रोसेसर जागचा हलत नाही. इशारा तुटला की चाललेलं काम तिथंच सोडून सगळं कोरं. डब्यातले कपॅसिटर थोडी वीज साठवून धरतात, पण किती? नव्या डब्यात पूर्ण भारावर साधारण 16-17 मिलिसेकंदांपुरती. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची एक फेरीच 20 मिलिसेकंदांची. म्हणजे एक फेरी चुकली की संपलं. वहिनीचा डबा जुना. उघडल्यावर दिसलं, त्यातल्या दोन कपॅसिटरांची टोपणं फुगून आली होती.

मला या राखाडी वायरीबद्दल तेव्हापासून आदर वाटतो. कमी व्होल्टेजवर प्रोसेसर बंद पडत नाही, चुकतो. दोन अधिक दोन पाच लिहून पुढं जाऊ शकतो, आणि कुणाच्या तरी थिसिसमधलं ज्वारीचं हेक्टरी उत्पन्न गुपचूप बदलून ठेवू शकतो. त्यापेक्षा सगळं विसरलेलं पत्करलं. आम्ही डिम उजेडात आयुष्य काढलेली माणसं. आम्हाला हा हट्ट सुरुवातीला माजच वाटला होता.

याच हट्टानं एकदा माणसाला चंद्रावर उतरवलं आहे. 20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चं यान खाली जात असताना त्यातला कॉम्प्युटर 1202 असा इशारा देऊन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत होता. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चमूनं प्रोग्रामच असा लिहिला होता, की काम डोईजड झालं तर नव्यानं सुरुवात करायची, बिनमहत्त्वाचं सोडून द्यायचं आणि यान उतरवण्याचं तेवढं धरून ठेवायचं. ह्यूस्टननं उतरा म्हणून सांगितलं, ते उतरले. नंतर कारण निघालं ते असं, की दोन यानांच्या भेटीसाठीच्या रडारला वीज देणारी लाईन आणि कॉम्प्युटरची लाईन, दोन्हींची वारंवारता एकच होती, पण फेज जुळलेला नव्हता. त्या विसंगतीनं कॉम्प्युटरला फुकटच्या कामात गुंतवलं. मी हे काकांना सांगितलं. “तिथंबी फेजच का?” एवढंच ते म्हणाले, आणि त्यांना त्यात फारसं नवल वाटलं नाही.

पुढचं लवकर उरकलं. एसएमपीएस नवा बसवला. यूपीएस घरात होताच, पण भारनियमनाच्या मुलखात रोज उपसली जाणारी त्याची बॅटरी केव्हाच संपली होती; तो शिट्टी वाजवायचा आणि मान टाकायचा. बारा व्होल्टची नवी बॅटरी घातली. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून बादलीभर पाणी ओतलं. काळी माती वाळली की आक्रसते, भेगाळते, तारेला सोडून देते. मग डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

राहता राहिला ऑटो. आत्येभावानं सुचवलं, शेतकऱ्यांनी ऑटो काढून टाकावेत, मोटारी एकेक करून सुरू कराव्यात. वीज खातंही वर्षानुवर्षं हेच सांगत आलंय. काका त्याच्याकडं बघत राहिले. “रात्री दोनला, पाण्यात, इचूकाट्यात बटन दाबाया तू येतू का?” याला आत्येभावाकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नाही. पाण्याला दिवसाची वीज मिळाली तर ऑटो आपोआप सुटतील. तोवर थिसिस टाइप करणाऱ्यानंच बॅटरी विकत घ्यावी, हे मला न्यायाचं वाटतं.

पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात काका उजाडताच तणतणत आले. मोटार रात्री आपोआप सुरू झाली होती, पण पाणी एकाच सारीत जाऊन हरभरा बुडाला होता. वहीचा उलगडा झाल्यापासून कॉम्प्युटर बंद पडला की वहिनी खिडकीतून हाक मारायची, “काका, लाईन आली!” आणि ते कंदील घेऊन पाणी द्यायला निघायचे.

“तुमचं यंत्र नीट केलं, माझं बिघडीवलं,” ते म्हणाले.

“आता ती पेटी शिट्टी वाजवते काका, लाईन आली की.”

“मग ठिवा ती पेटी माझ्या खाटंजवळ. तुमाला तं लिहायचंच हाय, मी उठतो.”