लेझरच्या आधीची ट्यूब

मागच्या होळीला धडगावच्या भोंगऱ्या बाजारात आमची भाची तोंडाला स्कार्फ बांधून फिरली. मार्चचं ऊन, ढोल, गर्दी, मैत्रिणी नटूनथटून फोटो काढतायत आणि ही डोळे सोडून सगळं झाकून उभी. विचारलं तर म्हणे ऊन लागतं. तोरणमाळला घरी आल्यावर रात्री हळूच म्हणाली, "मामा, लेझर केलं की गालावरचे खड्डे जातात का? किती पैसे लागतात?"

तिला विचारूनच हे लिहितोय. नाव टाकायचं नाही, एवढीच तिची अट.

आधी माझी चूक सांगतो. ती अकरावीला असताना तिच्या गालावर पुळ्या यायला लागल्या. त्या वयात कोणाला येत नाहीत? मी कामासाठी खाली शहाद्याला जात असतो. ताईने सांगितलं म्हणून एका मेडिकलवर उभ्या उभ्या म्हटलं, "चेहऱ्यासाठी काहीतरी चांगलं द्या." त्याने ट्यूब दिली. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही काही विचारलं नाही. चार दिवसांत गाल असे साफ झाले की ताईने पाड्यावरच्या आणखी दोघींना ट्यूबचा रिकामा खोका दाखवला. पुढे वर्षभर मीच ती आणत राहिलो. लावायची थांबवली की तोंड लालेलाल, आग आग आणि पुळ्या पहिल्यापेक्षा जास्त. म्हणजे औषध लागू पडतंय, सोडायचं नाही, असा आमचा हिशोब.

होळीनंतर नंदुरबारहून गाडी पकडून तिला सुरतला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. आपल्याकडची निम्मी माणसं मोठ्या दवाखान्यासाठी तिकडेच जातात. मी मनात लेझरचे पैसे मोजत होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काय लावता?" मी पिशवीतून ट्यूब काढून दिली. त्यांनी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं असतात. ही औषधं वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती मोजून, ठरावीक दिवस देतात. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, केस वाढतात आणि स्टेरॉइडमुळेच नवीन पुळ्या येतात. सुरुवातीला चेहरा उजळतो तो सूज दबल्यामुळे आणि रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. औषध थांबलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. भाचीचं तेच झालं होतं. गालावरचे बरेचसे खड्डे त्या उसळलेल्या पुळ्यांचे आणि तिने नखांनी फोडलेल्यांचे.

आता कायद्याचं ऐका. 2018 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात आणि इंग्रजीत. आमच्या पाड्यावर ते कोण वाचणार? मी पदवीधर, मीच वाचलं नाही.

आणि स्टेरॉइडवरच हे थांबत नाही. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, आठवत असेल. एकाच घरातल्या तिघी, तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, गोरं करणारी क्रीम लावत होत्या. तिघींच्या किडन्यांना त्रास झाला. मुंबईत केईएममध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. शहरातल्या शिकलेल्या घरात हे होतं, तर बाजारात पाल टाकून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांचं काय, तुम्हीच बघा.

तर लेझर. डॉक्टरांनी त्या दिवशी केलं नाही. म्हणाले, आज केलं तर माझे पैसे होतील आणि हिचे डाग वाढतील. आधी ट्यूब हळूहळू सोडवायची, मग पुळ्या थांबवायच्या, कातडी शांत झाली की काही महिन्यांनी लेझर.

मला समजलं ते असं. आजकाल खड्ड्यांसाठी जे वापरतात ते फ्रॅक्शनल लेझर. ते सगळी कातडी जाळत नाही, अतिशय बारीक छिद्रांची जाळी पाडते आणि मधली कातडी शाबूत ठेवते. ती शाबूत कातडी जखम भरून काढते, आत नवीन कोलॅजन तयार होतं आणि खड्डा थोडा थोडा वर येतो. खड्डे कमी होतात, पुसले जात नाहीत. सुईने टोचल्यासारखे खोल खड्डे लेझरला फारसे दाद देत नाहीत, त्यांना वेगळे उपाय लागतात. आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला लेझरनंतर काळे डाग पडायची भीती जास्त, म्हणून ताकद कमी ठेवून, अंतराने सिटिंग घ्यावी लागतात आणि ऊन टाळावं लागतं. "शेतात जाते का?" त्यांनी विचारलं. भाची माझ्याकडे बघून हसली. तोरणमाळात शेतात न जाणारी पोरगी दाखवा म्हणावं!

खर्च सांगितला तो एका सिटिंगचे पाच हजार, अशी चार-पाच. 2025-26 ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. पाच सिटिंगचे पंचवीस हजार म्हणजे ऐंशी दिवसांची मजुरी, गाडीभाडं वेगळं. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्या बापाला हे कसं सांगायचं?

चीड याची येते की अकरावीतच वेळेवर बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं साधं जेल मिळालं असतं तर इथवर यावं लागलं नसतं. ते महाग नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. फक्त ते द्या म्हणून सांगणारं कोणीतरी जवळ पाहिजे होतं. तोरणमाळला ग्रामीण रुग्णालय आहे, नंदुरबारला 2020 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कॉलेजमधला त्वचेचा डॉक्टर महिन्यातून एक दिवस घाट चढून वर आला तरी पुरे. पुळ्याच नाही, नायट्यावरही हीच स्टेरॉइडची मलमं चोळून माणसं बसलीत. निवासी शाळांमधल्या पोरापोरींची एक रांग लावली तरी कळेल.

दोन अर्ज तयार केलेत. एक जिल्हा शल्य चिकित्सकांना, महिन्याच्या तपासणीसाठी. दुसरा अन्न व औषध प्रशासनाला, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या ट्यूबांसाठी. कोणा एका दुकानदाराचं नाव त्यात नाही, मलाही एकट्याला धरून मारायचं नाहीये, कारण मागणारा मीच होतो. सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा. घरात अशी ट्यूब असेल तर तिच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, अर्जाला जोडतो. आणि वापरत असाल तर हे वाचून एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवून कमी करा.

भाचीची ट्यूब सुटली, सहा महिने लागले. पहिलं सिटिंग दिवाळीनंतर, कापणी उरकली की.