काकूंची पंगत

आईवडिलांचं, गुरुजनांचं ऋण माणूस चारचौघांत बोलून दाखवतो. पाळणाघर चालवणाऱ्या बाईचं ऋण मात्र महिन्याच्या पैशांत फिटलं असं धरून चालतो. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात ज्या काकूंनी माझा मुलगा सांभाळला, त्यांच्याबाबत मला तसं धरता येत नाही. त्यांनी त्याला जेवायला शिकवलं. त्याहून अवघड म्हणजे, त्याला जेवू द्यायला आम्हा मोठ्यांना शिकवलं.

साल १९९४. मुलगा दीड वर्षाचा होत आला होता. तोवर समोर येईल ते खाई: मेतकूट-भात, लाल भोपळ्याची भाजी, नाचणीची पेज. मग अचानक सगळं पालटलं. भाताचा घास दिसला की ओठ घट्ट मिटायचे, मान फिरायची. भाजीचा हिरवा कण जिभेवर लागला तरी थू करून बाहेर. चालायचं ते फक्त दूध आणि बिस्किट. मी फोर्टमधल्या बँकेतून लोकलने घरी पोचायची, तेव्हा सासूबाई त्याला कडेवर घेऊन, हातात वाटी धरून खिडकीशी उभ्या असत. खालून जाणारी रिक्षा बघ, तो बघ काऊ, असं करत तासभर घास भरवणं चाले. जिन्यात कुणी ‘बाळ वाळलं हो तुमचं’ म्हटलं की त्या रात्री त्यांना झोप लागत नसे. सासूबाई दुष्काळी मुलखातल्या. तिथून आलेल्या माणसाला पानात उरलेला भात बघवत नाही, हे मला समजत होतं.

डॉक्टरांनी वजन केलं, वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडला आणि ठीक आहे म्हणाले. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. पुढच्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोची भर पडते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. शिवाय पायावर चालू लागलेलं मूल अनोळखी चवीला, कधी ओळखीच्या चवीलाही बिचकू लागतं, आणि हे बिचकणं पाचसहा वर्षांचं होईपर्यंत कमीअधिक राहू शकतं. मनाला धीर आला. पण रात्री ताटासमोर बसल्यावर नेमकं काय करायचं, ते काही त्या तक्त्यात नव्हतं. ते काकूंकडे होतं.

काकूंनी लग्नाआधी दादरला बालवाडीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, दादरला शिशुविहार उभं केलं, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. त्यांच्या बालशिक्षणाच्या विचारात वाढलेल्या शिक्षिका लग्नं होऊन उपनगरांतल्या दोन खोल्यांच्या घरांत पांगल्या. काकू त्यांतल्या एक. शाळेत नोकरी करायला घरून परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी घरातच पाळणाघर काढलं. मूल आपलं काम आपण करू बघतं, मोठ्यांनी आड येऊ नये, हे मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचं सूत्र त्या कधी उच्चारत नसत. दुपारी बारा वाजता सतरंजी अंथरली की ते दिसायचं.

मुलं ओळीने बसत. पुढ्यात लहान स्टीलची ताटली, वाटी, अर्धं भरलेलं पाणी. मोठी मुलं वाढायला मदत करत. काकू स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यातच बसत आणि जेवत. वाढणं चमचाभरच: चमचाभर वरणभात, पोळीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढी भाजी. हवं त्याने मागायचं. ‘खा’ हा शब्द त्या पंगतीत मी ऐकला नाही. ‘शहाणा, सगळं संपवलं’ हेही नाही. पालेभाजी ताटलीच्या कडेला रोज असे. कुणी हात लावो न लावो. अर्ध्या तासाने ताटल्या उचलल्या जात, कुरकुर न करता. मग चार वाजेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. चारला केळं किंवा धिरडं.

मी रजा घेऊन एकदा दुपारी तिथे बसले होते. माझ्या मुलाने भात कुस्करला, बोटं चाटली, शेजारच्या मुलीच्या ताटलीतला गाजराचा तुकडा उचलून तोंडात घातला आणि परत काढला. मी पुढे सरकले तेव्हा काकूंनी नुसता हात आडवा धरला. नंतर म्हणाल्या, “अगं, त्याने तोंडात घातलं ना? मग आज त्याची नि गाजराची ओळख झाली. उद्या परत भेटतील.”

मला एक भीती होती, ती मी विचारली. काहीच नाही खाल्लं आणि उपाशी झोपला तर? काकूंनी उलट विचारलं, “दिवसभरात दूध किती पितो?” मी हिशेब केला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि रात्री झोपेत बाटली. लिटरभर तरी सहज. “पोट दुधाने भरलंय गं त्याचं. भात कुठे मावणार?”

ही गोष्ट आमच्या घरात सांगणं सोपं नव्हतं. दूध कमी करा म्हणजे मुलाच्या तोंडचा घास काढा, असंच वाटणार. काकू स्वतः घरी आल्या. सासूबाईंशेजारी बसून म्हणाल्या, “आजी, तुम्ही चार मुलं वाढवलीत, तुम्हाला मी काय सांगू? महिनाभर दूध निम्मं करू. रात्रीची बाटली बंद. बाकी तुमच्या हातचंच जेवेल तो.” सासूबाईंना चार मुलांचा उल्लेख आवडला असावा. त्या कबूल झाल्या.

जाता जाता काकूंनी मला आणखी एक सांगितलं: रक्त तपासून घे. दुधात लोह नसल्यातच जमा. दूधच पिणारं गुटगुटीत मूलही आतून फिकं असू शकतं. तपासणीत हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. तो आकडा वाचला तेव्हा मला काकूंचं ते वाक्य आठवलं. हट्ट म्हणून सोडून देऊ नये अशा खुणाही त्यांना पाठ होत्या. वजन घटणं, घास गिळताना सारखं गुदमरणं, खायचे पदार्थ एकेक करून दोनचारांवर येणं, यांतलं काही दिसलं की त्या पालकांना लगेच डॉक्टरांकडे धाडत. आणि घशात अडकू नये म्हणून अख्खा शेंगदाणा त्यांच्या घरात मुलांच्या हाती कधी पडला नाही, नेहमी कूट.

एका महिन्यात जादू झाली नाही. भेंडी त्याने शाळेत जायला लागल्यावर खाल्ली. पण खिडकीशी उभं राहणं थांबलं, आणि घरात संध्याकाळी एकत्र जेवायला बसणं सुरू झालं. माझ्या दृष्टीने तेच मोठं.

पुढे क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरांबद्दल वाचलं. त्यांनी १९२० च्या दशकात नुकतंच दूध सुटलेल्या मुलांपुढे साधे, ताजे पदार्थ मांडले आणि परिचारिकांना सांगितलं, मूल हात करील तेच द्या, आग्रह करू नका. मुलं उत्तम वाढली. मूल काय निवडतं यापेक्षा मोठ्यांनी समोर काय मांडलं यात खरं मर्म होतं, असं डेव्हिसबाईंनी स्वतःच नोंदवलं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात तीच जबाबदारी वाटून दिली: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नवघर रोडची सतरंजी होती.

मी बँकेतून पूर्ण सेवा करून निवृत्त झाले. मला पेन्शन आहे. मी सलग नोकरी करू शकले, कारण लोकलच्या गर्दीत उभी असताना माझं मन पाळणाघरात अडकलेलं नसे. २०१७ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची केली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसांच्या कचेरीत पाळणाघर सक्तीचं केलं. चांगलंच झालं. पण मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या किती बायकांच्या नोकऱ्या काकूंसारख्यांच्या सतरंजीवर उभ्या राहिल्या! काकूंना ना भविष्यनिर्वाह निधी, ना पेन्शन, ना आजारपणाची रजा.

मुलगा शाळेत गेला तेव्हा मी त्यांच्यासाठी साडी घेऊन गेले होते. त्यांनी ती परत केली. म्हणाल्या, “नवीन दोन मुलं यायचीत. ताटल्या कमी पडतायत. द्यायच्याच असतील तर त्या दे.” मी दिल्या. त्यांच्या हाताखालून पुढे गेलेल्या कुणाच्या घरात त्यांचं नाव निघतं का, मला ठाऊक नाही. आमच्या घरात निघतं.