कुत्रं सामानात मोडतं

नाना दोनदाच रडलेले मला माहीत आहेत. एकदा आजी गेली तेव्हा. दुसऱ्यांदा कुत्र्यावरून. त्या दुसऱ्या वेळेचं लिहितोय.

नाना माझे धाकटे चुलते. महार रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढून पेन्शनीत आले. गावातली पोरं लढाईचं विचारतात, नाना बर्फाचं सांगून उठतात. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर, बदली कामगार. तिसरी पाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा नाना ओट्यावर असतात. दोघं चहा घेतो. वाचलेलं मी त्यांना सांगतो. माझी शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीवाल्याने केलं.

त्या सकाळी मी नेमोचं सांगत होतो. नेमो म्हणजे अमेरिकन हवाई दलातला पहाऱ्याचा कुत्रा, जर्मन शेफर्ड. नंबर ए-५३४. डिसेंबर १९६६, व्हिएतनाममधला तान सोन न्हुत विमानतळ. थ्रोनबर्ग नावाचा जवान त्याला घेऊन रात्री गस्तीवर होता. अंधारातून गोळ्या आल्या. नेमोच्या डोळ्याखाली गोळी घुसली, डोळा कायमचा गेला. थ्रोनबर्गही पडला. तसल्या हालतीत नेमो सरपटत आला आणि त्याच्या अंगावर पसरून राहिला. मदतीला आलेल्यांनाही जवळ फिरकू देईना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावून त्याला बाजूला घ्यावं लागलं. दोघेही जगले. नेमोला अमेरिकेत परत नेलं. १९७२ साली तो तिथंच मेला.

मी खुशीत होतो. वाटलं, नाना वा म्हणतील. नाना म्हणाले, "आणि बाकीची?"

"बाकीची कोण?"

"येकच कुत्रं न्हेलं नसंल लढाईला. बाकीच्यांचं काय झालं, ते सांग की."

मग सांगावं लागलं. चारेक हजार कुत्री होती. जंगलात सगळ्यांच्या पुढं चालायची. जमिनीलगत ताणलेली सुरुंगाची तार, झाडीत दबा धरून बसलेला माणूस, कुत्र्याला आधी कळायचं. कान उभे राहिले की मागची रांग जागीच थांबायची. किती पोरं त्या कानांमुळं घरी गेली असतील.

पण जवानाची नेमणूक साधारण वर्षाची. कुत्र्याला मुदत नव्हती. वर्ष भरलं की जवान घरी आणि पट्टा नव्या माणसाच्या हातात. आमच्यात पाळी बदलते, साचा चालूच असतो, तसं. सरकारी कागदात कुत्रं सामानात मोडत होतं. फौज माघारी निघाली तेव्हा हे सामान परत न्यायचं तर खर्च, शिवाय कुत्र्यांत पसरलेल्या रोगाची भीती. काही दक्षिण व्हिएतनामच्या फौजेला देऊन टाकली, बरीच सुई टोचून मारली. परत आली ती दोनशेच्या आसपास. आमचा कुत्रा आम्हाला द्या, म्हणून जवान विनवत राहिले. जवानांना आपलं कुत्रं घरी नेता यावं असा कायदा झाला तो २००० साली. ज्या रॉबीच्या नावानं तो कायदा ओळखला जातो, त्या रॉबीला त्याचा उपयोग झाला नाही. जानेवारी २००१ मध्ये त्यालाही सुई दिली.

आपल्याकडंही वेगळं नव्हतं. कामातून गेलेली कुत्री मारून टाकतात, हे २०१५ साली माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. बोंब झाली, प्रकरण कोर्टात गेलं, मग ते बंद झालं. आता निवृत्त कुत्री लोकांना सांभाळायला देतात. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये तंगधारला बशीर अहमद वार आणि त्यांची लॅब्राडोर मानसी एकाच चकमकीत पडले. एका पट्ट्याच्या दोन टोकांना दोघं.

नाना चहा प्यायचे थांबले. कप गार झाला.

"आमच्या चौकीवर हुतं येक," ते म्हणाले. "सरकारी न्हवं, पहाडी कुत्रं. आमी भाकरतुकडा टाकायचो. रात्री संत्रीला डुलकी लागली तर ते जागं असायचं. दूरवर कोन हाललं तर आधी ते गुरगुरायचं, मग आमी बंदुकीला हात घालायचो. दोन वर्सं माझ्या पायाशी निजलं. मग युनिट हाललं. चार्ज देताना आमी बंकर दिले, शेगड्या दिल्या, कुत्रं पन दिलं. ट्रकामागं पळत आलं रं. दोन वळणं आलं. मी हाकलायला दगड मारला. मागं जाऊ दे म्हनून मारला. ते दगडाकडं न्हाई, माझ्याकडं बघत हुभं ऱ्हायलं."

एवढं बोलून नानांनी तोंडावर टॉवेल घेतला.

मी गप्प बसलो. कारण मला रिंग्या आठवला.

रिंग्या आमच्या गेटवरचं कुत्रं. नाव आम्हीच पाडलं, रिंगफ्रेमवाल्यांनी. रात्री दोनच्या सुट्टीत डबे उघडले की हजर. पहाटे एकटं चालत जाणाऱ्या बायांना रस्त्यापर्यंत सोडून यायचा. एकदा खात्याच्या मागं वायर जळत होती, ह्यानंच भुंकून माणसं गोळा केली. मग एक दिवस वर कुणाच्या तरी मनात आलं, गेटवर कुत्रं दिसायला नको. गाडी आली. फास टाकला. पाळी बदलायची वेळ, दोन्ही पाळ्यांची माणसं गेटात. रिंग्या सगळ्यांकडं बघत होता. कुणी काही बोललं नाही. बदली कामगाराला उद्या गेटवर उभं राहायचं असतं, उद्या काम मिळेल का हे विचारायचं असतं. मी कार्ड पंच केलं आणि आत गेलो.

हे मी नानांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, तुझा काय इलाज होता.

नानांनी टॉवेल बाजूला केला. म्हणाले, "मला हुकूम हुता. तुला कुनी सांगितलं हुतं?"

कुणी नाही, नाना. मला कुणीच सांगितलं नव्हतं.