रक्तातला पाठभेद

आमच्या घरात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती : आपल्या घराण्यात छातीचा आजार कुणालाच नाही. आजोबा शेवटपर्यंत शेतात जात, वडिलांना कधी दमा ठाऊक नव्हता. तेव्हा आपले रक्तच चांगले, असे थोरले बंधू, दादा, अभिमानाने म्हणत. २०२१च्या एप्रिलमध्ये माळशिरसला घरोघर ताप होता. दादांनाही आला. वय अठ्ठावन्न, साखर जुनी. आम्ही नवराबायको दोघेही महाविद्यालयात मराठी शिकविणारे, चार पुस्तके वाचलेले. तरी चार दिवस त्या समजुतीवर विसंबून राहिलो. पाचव्या दिवशी बोटाला लावलेल्या यंत्राने ८२ दाखविले. खाट शोधण्यात आणखी एक दिवस गेला. अकराव्या दिवशी दादा गेले. त्यांच्याच खोलीत झोपणाऱ्या मधल्या भावाला मात्र दोन दिवस वास आला नाही, एवढेच.

"एकाच कुशीतले दोघे. मग एकालाच का रे?" आईंनी विचारले. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही आमचा विषय नसलेले वाचू लागलो.

वाचताना आमच्याच विषयातला एक शब्द हाती आला : पाठभेद. माणसाच्या पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांची एक पोथी असते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होतात आणि नकलेगणिक थोडी अक्षरे बदलतात. २०२० साली ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्यात आहे, त्यांना कोरोना गंभीर होण्याचा धोका अधिक. हा तुकडा मूळचा आपला नव्हेच. सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी नीअँडरथल मानवाशी झालेल्या संकरातून तो आपल्या पोथीत शिरला. आपण ज्याला क्षेपक म्हणतो, तसाच हा प्रकार. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आढळतो, आफ्रिकेत जवळजवळ नाहीच. दक्षिण आशियात मात्र सुमारे निम्म्या लोकांत. म्हणजे आमच्या वर्गातली निम्मी मुले तो घेऊन बसलेली असणार, कदाचित आम्हीही.

हे वाचून क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. दोष आमच्या चार दिवसांचा नव्हता, साठ हजार वर्षांपूर्वीच्या कुणाचा होता! पण पुढचे वाचन ही सुटका टिकू देईना. २०२१ साली हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील संशोधकांना असे दिसले, की युरोपीय रुग्णांत आढळलेला हा संबंध दक्षिण आशियाई लोकांत तितका ठळक नाही. त्याच वर्षी झेबर्ग आणि पेबो यांनी बाराव्या गुणसूत्रावरचा आणखी एक तुकडा पुढे आणला. तोही नीअँडरथलांचाच, पण तो अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. एकाच परक्या पोथीतून आलेले एक क्षेपक मारक, दुसरे तारक. आणि दोन सख्ख्या भावांना आईबापांकडून मिळणारा वारसा सरासरीने निम्माच सारखा असतो. आईंच्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर इथे मिळाले : कूस एक असली, तरी प्रत दोन.

पण एका भागाचेच. वय आणि मधुमेह यांचाही वाटा त्यात होता, आणि चार दिवसांचा होताच.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. रक्ताच्या बाबतीत अशी शुद्ध प्रत कुठेच नाही. घराण्याचे, जातीचे, कुळाचे 'चांगले रक्त' असे आपण ज्याला म्हणतो, ती मिसळणीचीच पोथी असते. तिच्यावर आपण इतका विश्वास ठेवतो, की ताप आला तरी डॉक्टरांकडे जात नाही. उद्या या पाठभेदांनाच नवे प्रारब्ध मानून हात जोडले, तर जुनीच चूक शास्त्राच्या भाषेत होईल. संशोधक संभाव्यता सांगतात. आपण तिचे विधिलिखित करतो.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. माळशिरसचा पालखीतळ रिकामा राहिला. दादा दरवर्षी तिथे वारकऱ्यांना पाणी देत. २०२२ साली पालखी पुन्हा पायी आली, तेव्हा आई कळशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. दिंडीतले एक वृद्ध खोकत होते. आईंनी त्यांना पाणी दिले आणि विचारले, "किती दिवस झाले खोकल्याला?"

"असाच आहे, माय. आमच्याकडं समद्यांनाच असतो."

आईंनी कळशी खाली ठेवली आणि त्यांचा हात धरून त्या त्यांना आरोग्यपथकाच्या गाडीकडे घेऊन गेल्या. आम्ही मागून चाललो. आम्हाला जे वर्षभर वाचून कळले होते, ते त्यांना न वाचताच कळलेले होते.