निरुपद्रवी म्हणजे काय?

'चामखीळ' हा शब्द आपण घरोघरी इतक्या सहजतेने वापरतो, की त्याच्या पाठीशी किती जुनी परंपरा उभी आहे याचा विचार सहसा मनात येत नाही. संस्कृतातील 'चर्मकील' हे त्याचे मूळ. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खुंटी. कातडीवर ठोकलेली खुंटी ती चामखीळ. 'मस' हा शब्दही तसाच 'मषक' या शब्दापासून आलेला. सुश्रुतसंहितेत ही नावे आढळतात आणि त्यांवरील उपायही आढळतो : शस्त्राने ती काढावी आणि उरलेले मूळ क्षाराने अथवा अग्नीने निःशेष जाळावे. मात्र त्या ग्रंथाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. या विकारांची लक्षणे निदानस्थानात सांगितली आहेत. जाळण्याची कृती पुष्कळ पुढे, चिकित्सास्थानात येते. आधी ओळख, मग अग्नी. या क्रमाचे मोल गेल्या वर्षी आमच्या घरात जसे प्रत्ययास आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या सौभाग्यवतींच्या मानेवर दहा-बारा वर्षांपासून बारीक, मऊ, देठावर लोंबणाऱ्या पाच-सहा चामखिळी होत्या. त्या दुखत नसत, खाजत नसत. आले-गेले पाहत आणि म्हणत, "निरुपद्रवी आहेत, राहू द्या." परंतु मंगळसूत्राचा सर नेमका त्यांवरूनच जाई. ग्वाल्हेरचा उन्हाळा वाचकांस नव्याने सांगावयास नको. जेठ महिन्यात घामाने मान ओली झाली की सर घासे, एखादी चामखीळ सोलवटे आणि पोलक्याच्या गळ्यावर रक्ताचा ठिपका उमटे. निरुपद्रवी हा शब्द उच्चारणे सोपे असते. उपद्रव ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

उपाय सुचविणाऱ्यांची वाण नव्हती. आमच्या आत्याबाईंनी घोड्याच्या शेपटीचा केस सुचविला. आमच्या बालपणी मुरारहून लष्करला टांगे जात, तेव्हा टांगेवाल्याकडून असा केस मागून आणून चामखिळीच्या देठाभोवती घट्ट बांधीत. रक्त तुटले की ती काळी पडून गळे. पुष्कळदा गळे, कधी पिकेही. शेजारच्या काकूंनी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावण्यास सांगितले. तोही क्षाराचाच प्रकार, पण कोठे थांबावे हे त्याला कळत नाही. चामखिळीबरोबर भोवतालची चांगली कातडीही तो खातो. कोणी म्हणाले, ब्यूटी पार्लरमध्ये विजेच्या सुईने दोन मिनिटांत जाळून देतात. हे सारे ऐकून घेऊन सौ. म्हणाल्या, "अहो, जाळायचेच असेल, तर ज्याला कातडी कळते त्याच्याकडूनच जाळून घेऊ या की!" वाद संपला.

लष्करातील एका चर्मरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. १९४६ साली स्थापन झालेल्या आपल्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झालेले. दवाखान्यात लेसरचे यंत्र होते. पण पहिल्या दिवशी त्यांनी त्यावरील आच्छादनही काढले नाही. दिवा जोडलेल्या भिंगातून त्यांनी मान, चेहरा, कानामागची जागा, हात, एवढेच नव्हे तर तळपायही बारकाईने पाहिले.

आपण ज्यांना सरसकट चामखीळ म्हणतो, त्या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे त्या दिवशी कळले. मानेवरच्या मऊ, देठाच्या गाठी हा एक प्रकार. त्या संसर्गाने होत नाहीत. गालांवर डोळ्यांखाली बारीक काळे दाणे येतात, ते सावळ्या वर्णाच्या लोकांत विशेष आढळतात आणि बहुधा आई-वडिलांकडूनच येतात. मुलांच्या बोटांवर दिसणाऱ्या खरखरीत चामखिळी मात्र एका विषाणूमुळे होतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यांतील पुष्कळशा वर्ष-दोन वर्षांत आपोआप मावळतात. आमच्या शाळेत अशा एका मुलाशेजारी कोणी बसावयास तयार नव्हते. त्याच्या वर्गास हे समजावून सांगण्याची संधी मला या भेटीमुळे लाभली.

मानेवरच्या गाठी लेसरने काढता येतील, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण डाव्या कानामागे एक चपटा, काळपट डाग होता. वर्षभरात तो वाढला होता आणि त्याची कड एकसारखी नव्हती. त्यास किरण लावण्याचे त्यांनी साफ नाकारले. कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले : लेसरने पेशींची वाफ होते, आणि वाफ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. जागा बधिर करून त्यांनी त्या डागाचा लहानसा तुकडा काढला आणि तपासणीस पाठविला. शिवाय रक्तातील साखर पाहण्यास सांगितले. मानेवर अशा मऊ चामखिळी पुष्कळ असल्या की कधी कधी ती मधुमेहाची पूर्वसूचना असते.

अहवाल येईपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत घरात त्या डागाविषयी कोणी एक अक्षर काढले नाही. सौ. नेहमीपेक्षा अधिक काम करीत होत्या. पापडाचे पीठ भिजविले, कपाटे आवरली, लेकीला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्याच गोष्टी केल्या. अहवालात तो डाग वाढत्या वयाबरोबर येणारी साधी वाढ ठरला. तो कागद हाती घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता निरुपद्रवी म्हणायला हरकत नाही." साखरेचा अहवाल मात्र तितका निर्दोष नव्हता, मधुमेह उंबरठ्यावर उभा होता. आहार, फिरणे आणि औषध यांनी तो आज आटोक्यात आहे. दहा-बारा वर्षे मानेवर बसलेल्या त्या खुंट्या बहुधा हेच सांगत असाव्यात.

त्यानंतरच लेसरचा दिवस ठरला. हे यंत्र कार्बन डायॉक्साइड वायूवर चालणारे. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कोठे पडणार हे दाखविण्यास एक तांबडा ठिपका सोबत असतो. कातडीतील पाणी हा किरण तत्काळ शोषून घेते, पाणी उकळते आणि पेशी वाफेच्या रूपाने उडून जातात. बारीक रक्तवाहिन्या उष्णतेनेच मिटत असल्याने रक्त फारसे येत नाही. सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे होते आणि धूर ओढून घेणारी एक नळीही होती. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपले. सुश्रुताचा अग्नी तोच. केवळ त्याची टोके अधिक बारीक झाली.

या अग्नीचा आणि महाराष्ट्राचा एक संबंध आहे, तो आपल्या वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही. जगातील पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून निर्माण केला. कार्बन डायॉक्साइड लेसर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला, तो सी. कुमार पटेल यांच्या हातून. हे पटेल १९३८ साली बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे स्टॅनफर्डला गेले. १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांना मिळाले. कारखान्यात पोलाद कापणारा हाच किरण, शक्ती कमी करून, वैद्याच्या हाती सौ.च्या मानेवरची चामखीळ उडवितो. बारामतीत जन्मलेल्या माणसाची विद्या अमेरिकामार्गे मुरारच्या एका घरात उपयोगी पडली, याचे मला मोठे कौतुक वाटते.

पुढची काळजीही सांगितली पाहिजे. जखमेवर खपली धरते. ती नखाने काढावयाची नाही. आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप पडते. आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी काळसर डाग काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. उन्हाने तो गडद होतो. म्हणून बाहेर पडताना सौ. पदर मानेभोवती घेत. ज्यांच्या जखमांचे व्रण जाड आणि उंच होतात, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांस आधीच सांगावी. आणि काढलेली चामखीळ परत आली नाही, तरी शेजारी नवी येऊ शकते.

या वयात हा नटवेपणा कशाला, असे आम्हांसही एक-दोघांनी विचारले. उपवर मुलीच्या गालावरील मसाची चर्चा ज्या समाजात चारचौघांत चालते, त्याच समाजाने तो काढू पाहणाऱ्या मुलीस नटवी म्हणावे, हे मला न्याय्य वाटत नाही. ठेवावी की काढावी हा निर्णय जिच्या अंगावर ती आहे तिचा. भोवतालच्यांचे काम एवढेच, की काढण्यापूर्वी ती काय आहे हे कळेल याची व्यवस्था करावी. भारतीयांत त्वचेचा काळा कर्करोग विरळा. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर अथवा नखाखाली, जेथे कोणी पाहत नाही तेथे होतो. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ली १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच रोगाने.

तेव्हा नव्याने उमटलेला, वाढणारा, रंग बदलणारा, वेडीवाकडी कड असलेला किंवा आपोआप रक्त येणारा तीळ दिसला, तर केस, चुना, सुई आणि लेसर या सर्वांच्या आधी तो डॉक्टरांस दाखवावा. लेसर करू म्हणणाऱ्यासही निःसंकोच विचारावे : हे नेमके काय आहे, आणि तपासणीची गरज नाही असे आपण कशावरून म्हणता? चांगल्या डॉक्टरांस या प्रश्नाचा राग येत नाही.

जाता जाता त्यांनी माझ्याही डाव्या गालावरचा तीळ भिंगातून पाहिला. त्यास काहीच करावयाचे नाही, असे ठरले. बरे झाले, माझ्या सेवा-पुस्तिकेत ओळखचिन्ह म्हणून त्याची रीतसर नोंद आहे, आणि निवृत्तिवेतनाचे कागद अद्याप व्हावयाचे आहेत.