घोट आणि सवय

गिळणे अर्धे माणसाच्या हाती असते, अर्धे नसते. घास चावून जिभेने मागे लोटेपर्यंत इच्छा चालते. त्यानंतर मेंदूच्या देठातून सुटलेला क्रम थांबवता येत नाही. मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वास क्षणभर थांबतो आणि जेमतेम सेकंदाभरात घास अन्ननलिकेत उतरतो.

हा क्रम कुठे मोडला, यावरून आजाराचा माग लागतो. मुंबईत चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ज्या संसर्गरोगांवर उपचार होतात, त्यांतले काही तर थेट घशावरच घाला घालतात. घटसर्पाच्या विषाने टाळू लुळी पडली की पाणी नाकातून परत येते. धनुर्वातात जबडाच उघडत नाही. रेबीजचा रुग्ण तहानेने व्याकूळ असतो, पण पेला ओठांजवळ येताच त्याच्या घशाचे स्नायू आवळतात. वैद्यकातले याहून करुण दृश्य सांगणे कठीण.

पक्षाघातानंतरचा दोष असा डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांनी शोधावा लागतो. उपचारक तर्जनी हनुवटीखाली, मधले बोट जिभेखालच्या हाडावर आणि उरलेली दोन कंठमण्यावर अलगद टेकवतो आणि रुग्णाला घोटभर पाणी देतो. कंठमणी वेळेवर आणि पुरेसा चढला का, घोटानंतर आवाज ओलसर झाला का, हे तो टिपतो. ठसका लागला नाही की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमका तिथेच घात होतो. घशाची संवेदना गेली असेल तर अन्न ठसक्याविना श्वासनलिकेत जाते आणि पुढे न्यूमोनिया होतो. शंका आली की बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली त्याचा चलत्पट पाहतात. चहासारखे पातळ पेय आवरायला सर्वांत अवघड, म्हणून अनेकांना आधी घट्ट वरण किंवा पेज देतात. काहींना हनुवटी छातीकडे झुकवून, काहींना श्वास रोखून गिळायला आणि मग मुद्दाम खोकायला शिकवतात. जन्मभर नकळत केलेली गोष्ट आता लक्ष देऊन करायची असते, आणि त्यासाठी उपचारकाला चिकाटी लागते.

डोळे मिचकावणे, मान झटकणे, सतत खाकरणे किंवा आवंढा गिळणे या टिक्स, म्हणजे नकळत वारंवार होणाऱ्या हालचाली, आवरायलाही असेच लक्ष लागते. हालचालीआधी बहुतेकांना एक हुरहूर जाणवते. ती ओळखून त्या क्षणी विरुद्ध हालचाल करायची, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ ॲझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडली. मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली घेऊन मान ताठ धरायची आणि हुरहूर ओसरेपर्यंत तशीच ठेवायची. टिक असलेल्या मुलाला रागावून हे साधत नाही. ताणाने टिक वाढते.